न झालेला टायफॉइड

घरातली डॉक्टर दुसऱ्यांदा मेडिकलच्या प्रवेशातून बाहेर फेकली गेली, तेव्हा मामा धावत आले. त्यांनी आधी चपला काढल्या, मग डोळे पुसले आणि मग निदान केलं.

"मुलगी ठणठणीत आहे," ते म्हणाले. "अर्ज अशक्त आहे."

मामा कशाचेच डॉक्टर नव्हते. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. पण वर जाता जाता मध्येच अडकणाऱ्या गोष्टींबद्दल आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

तशी ही डॉक्टरसुद्धा कशाचीच डॉक्टर नव्हती, हे सांगायला हवं. चार वर्षांची असताना तिने आजोबांच्या छातीला चमचा लावून "जोरात श्वास घ्या" म्हटलं. आजोबांनी घेतला. एवढ्या भांडवलावर घराने तिचं नावच बदलून टाकलं. "डॉक्टर, दूध पी." "डॉक्टर, नाक पूस." "डॉक्टर, पलंगावर उड्या मारू नकोस." खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत उरलं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. नंबर काढायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ते, "आमची डॉक्टर आता चौथीत गेली," असं गंभीरपणे सांगत. पुढे ती शाळेतून बाहेर पडायच्या आत त्यांनी ओळखीच्या पाटीवाल्याकडून एक पितळी पाटी करून घेतली. नावाआधी 'डॉ.' असं ठसठशीत कोरलेलं. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथे नवरा अजून शाळेचा डबा संपवत नव्हता.

आता घोडं कुठे पेंड खात होतं, ते बघू. विज्ञानाची पदवी घेताना दुसऱ्या वर्षी डॉक्टर रसायनशास्त्रात आपटली. थोडीथोडकी नाही, चारी मुंड्या चीत. पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा देऊन तिने उत्तम गुण आणले, पण आधीचा आकडा गुणपत्रिकेवरून हलेना. प्रत्येक अर्जासोबत तो जायचा आणि तिच्याआधी आत जाऊन बसायचा.

आपटली, कारण तिने अभ्यास केला नव्हता. इतकं साधं होतं. पण त्याच महिन्यात नात्यात एक लग्न निघालं आणि तिथे आत्याने आईला सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, डॉक्टरचा निकाल काय लागला?" आईने साडीचा पदर सारखा करत म्हटलं, "तिला जरा बरं नव्हतं." बस्स. पुढचं काम नातेवाइकांनी केलं. जेवणाच्या टेबलापर्यंत आत्याने त्याचा ताप केला. मामांनी तो ताप घरी नेला आणि त्याचा टायफॉइड करून परत आणला. पुढच्या लग्नापर्यंत "वाचली हेच नशीब" इथवर मजल गेली होती. आपण मरणाच्या दारातून परत आलो हे डॉक्टरला एका चुलत वहिनीकडून कळलं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी "नाही हो" म्हणणं बरं दिसत नाही. डॉक्टर गप्प बसली. आयता आजार मिळाला तर नको कोण म्हणतं?

तिथे पदवीनंतर गुण, निबंध आणि मुलाखत बघून मेडिकलला घेत, आणि नियमाप्रमाणे तीनच वेळा अर्ज करता येत होता. दोन गेले होते. तिसरा गेला की पाटी मोडीत.

"एक माणूस आहे," मामा म्हणाले. "मेलेले अर्ज उठवून बसवतो."

हा माणूस म्हणजे प्रवेशाचा सल्लागार. बाथरूमच्या फरशांच्या दुकानावर त्याचं ऑफिस होतं. भिंतभर त्याने प्रवेश मिळालेल्या मुलांचे फोटो लावले होते आणि प्रत्येकाखाली एकेक ओळ होती. 'अपंगत्वावर मात.' 'अनाथपणावर मात.' 'पुरावर मात.' मात केल्याशिवाय कुणी आत गेलेलंच दिसत नव्हतं. डॉक्टर, बाबा आणि मामा समोर बसले. सल्लागाराने डॉक्टरकडे पाहिलंच नाही. अर्ज हातात घेतला, एकदा मागून आणि एकदा पुढून पाहिला आणि मान हलवली.

"गुण बरे आहेत. विषय पुन्हा दिलात, चांगलं केलंत. पण दुःख कुठाय?"

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"या मुलीला डॉक्टर का व्हायचंय? काहीतरी घडायला हवं ना. घरात कुणी आजारी?"

बाबांनी अपराधी चेहऱ्याने हात वर केला. "मला जरा बीपी आहे."

"गोळीने ताब्यात?"

"हो."

"मग काही उपयोग नाही. आजोबा?"

"आहेत. रोज पोहायला जातात."

सल्लागाराचा चेहरा पडला. "आणि आजी?"

"त्यांना स्कूटरवरून तलावावर सोडते," बाबा खालच्या आवाजात म्हणाले. आपल्या घरात कुणी वेळेवर मेलं नाही याची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटत होती.

तेवढ्यात मामांनी टेबलावर थाप मारली. "टायफॉइड!"

"कुणाला?"

"हिलाच. ऐन परीक्षेत. वाचली हेच नशीब."

सल्लागाराचे डोळे असे चमकले की दिवा लावायची गरज उरली नाही. "अहो, मग इतका वेळ फरशा मोजत होतात का? हेच तर हवं होतं! रसायनशास्त्राचा आकडासुद्धा कामाला लागला."

"पण तो टायफॉइड..." डॉक्टर बोलायला लागली.

मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आठवलं की अजून त्रास होतो तिला."

निबंध सल्लागाराने स्वतःच लिहिला. 'तापाच्या त्या काळोख्या दिवसांत मला दुसऱ्याच्या वेदनेचा अर्थ उमगला' इथे सुरू होऊन तो 'मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतताना मी एक शपथ घेतली' इथे संपत होता. डॉक्टरने घरी बसून टायफॉइडचा परिच्छेद खोडला. सल्लागाराने तो परत घातला आणि वर दोन विशेषणं जास्त टाकली. शेवटी तिने खाली सही केली. तिला लाज वाटली, हे खरं. पण शेवटची संधी, बाबांचा चेहरा आणि कपाटावरची पाटी या तिघांपुढे लाज एकटी पडली.

सल्लागाराने आणखी एक औषध लिहून दिलं होतं. "रुग्णांच्या सहवासातले तास हवेत. भरपूर."

हा सल्ला त्याने अख्ख्या गावाला दिलेला असावा. डॉक्टर ज्या ज्या हॉस्पिटलात गेली तिथे पेशंटपेक्षा सहवास गोळा करणारी मुलं जास्त होती. एका वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईंना पाणी पाजायला तीन जण पेला धरून उभे होते आणि बाई "अरे, मला तहान नाही" म्हणून विनवत होत्या. शेवटी जागा मिळाली ती, ज्या मेडिकल कॉलेजने तिला दोनदा नाकारलं होतं, तिथेच. पण पेशंट म्हणून.

तिथे विद्यार्थ्यांना खऱ्या माणसांवर सोडायच्या आधी खोट्यांवर सराव देत. त्यासाठी पगारी नकली पेशंट ठेवले होते. कागदावर 'सराव-रुग्ण'. ओळीने छोट्या खोल्या, प्रत्येकीत कागद अंथरलेला पलंग, दोन खुर्च्या, हात धुवायचं बेसिन आणि एका भिंतीला काच. काचेमागे बसून शिकवणाऱ्या बाई बघत. घंटा झाली की विद्यार्थी आत येणार, तपासणार, घंटा झाली की बाहेर. मग पेशंटने त्याला गुण द्यायचे.

"मेडिकलला गेली म्हणायचं की नाही?" आत्याने फोनवर विचारलं.

"गेली," मामा म्हणाले. "वेगळ्या दाराने."

पहिल्या दिवशी बाईंनी एकच नियम सांगितला. बाई बुटक्या, आवाज घोगरा, बोलणं मोजकं.

"इथे पेशंट खोटं बोलत नाही. फक्त विचारल्याशिवाय सांगत नाही. प्रत्येकाच्या कथेत एक आतली गोष्ट असते. समोरच्याने पेन खाली ठेवलं, 'आणखी काही?' असं विचारलं आणि गप्प बसला, की ती सांगायची. मग अडवून धरायची नाही. पण तोवर एक अक्षर नाही."

डॉक्टरला डोकेदुखी मिळाली. तीन आठवडे कपाळ ठणकतं, झोप नाही. आतली गोष्ट अशी, की या बाईची नोकरी गेली आहे, घरी कुणाला सांगितलेलं नाही आणि ती रोज सकाळी तयार होऊन डबा घेऊन बाहेर पडते.

आणि मग एकेक हुशार येऊ लागले. ज्यांच्या गुणांपुढे हिचा अर्ज दोनदा गारद झाला होता, ते हेच. एक जण हात धुवायला विसरला आणि नंतर आठवलं म्हणून जाताना धुऊन गेला. एकीने सगळे प्रश्न एका दमात विचारले, "उलटी चक्कर ताप अंधारी काही आहे का?" आणि उत्तर यायच्या आत 'नाही' लिहिलं. एकाने वहीतून डोकं वर न काढता, "तुमच्या डोळ्यांत मला काळजी दिसते," असं सांगितलं. सगळे जाताना "काळजी करू नका" म्हणायचे. काळजी कसली हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

शेजारच्या खोलीत पोटदुखी काका असायचे. निवृत्त पोस्टमास्तर. गेली कित्येक वर्षं त्यांचं अपेंडिक्स आठवड्यातून दोनदा सुजत होतं.

"माझ्या कथेत माझी बायको मला सोडून गेलीय," ते चहा पिता पिता म्हणाले. "आजवर किती पोरांना कळलं माहितेय? एका हाताची बोटं पुरतील. बाकीच्यांनी पोट मात्र छान दाबलं."

डॉक्टरला आधी मजा वाटली. नाकारलेल्या माणसाला निवडलेल्यांची फजिती बघायला मिळणं ही काही कमी चैन नाही. ती गुणांच्या जागी हात आखडता घेऊ लागली. डोकेदुखी सुरेख जमली तशी तिला बढती मिळाली. दमा मिळाला, पित्ताशय मिळालं आणि दैवाला विनोदाची हौस असल्यामुळे टायफॉइडही मिळाला. ती टायफॉइड इतका हुबेहूब करायची की एकदा काचेमागून बाईंनी खिडकी उघडायला माणूस पाठवला.

मग एक दिवस, डोकेदुखीच्या पाळीला, एक मुलगा आला. अडखळत बोलणारा. त्याचे हात गार पडले होते आणि प्रश्न चुकीच्या क्रमाने येत होते. हा गेला कामातून, असं डॉक्टर मनात म्हणाली. तर त्या मुलाने मध्येच पेन खाली ठेवलं. "आणखी... आणखी काही?" म्हणाला आणि थांबला. प्रश्न संपले होते म्हणून थांबला की मुद्दाम, देव जाणे. पण थांबला. बेसिनचा नळ ठिबकत होता. डॉक्टरने तोंड उघडलं आणि आतली गोष्ट सांगितली. नोकरी गेली, डबा घेऊन बागेत बसते, घरी कळू देत नाही. सांगता सांगता तिला खरंखुरं रडू फुटलं. नोकरी गेलेली बाई तर नव्हतीच या जगात. मग कोण रडत होतं, ते तिचं तिलाच समजेना. मुलगा काही न बोलता बसून राहिला आणि तिला विलक्षण हलकं वाटलं.

त्या संध्याकाळी घरी येताना तिला आयुष्यात पहिल्यांदा त्या दुसऱ्या खुर्चीत बसावंसं वाटलं. पाटीसाठी नाही, आत्यासाठी नाही. समोरच्याला असं हलकं करता येतं, तर ते आपल्याला यायला हवं, असं वाटलं. पंचविशी उलटलेल्या मुलीला, वीसहून जास्त वर्षं डॉक्टर म्हणवून घेतल्यावर, डॉक्टर व्हावंसं वाटलं. उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणायचं, दुसरं काय.

मुलाखतीचं बोलावणं आलं. या वेळी अर्जात तास होते, सुधारलेलं रसायनशास्त्र होतं आणि टायफॉइड होता. निघताना मामांनी शेवटची सूचना दिली, "उंबरठा आला की जरा आवाज काप."

लांब टेबलामागे तिघं बसले होते. मध्ये पांढऱ्या मिशांचे मुख्य डॉक्टर. डावीकडे एक बारीक गृहस्थ, त्यांच्या चष्म्याची नाकावर टेकणारी एक गादी निसटलेली. चष्मेवाल्याच्या मुलीला आधी तेच दिसलं. आणि उजवीकडे, घोगऱ्या आवाजाच्या बाई.

"ही आमच्याकडे काम करते," बाई बाकीच्यांना म्हणाल्या. "मी हिला गुण देणार नाही. नुसती बसेन."

डॉक्टरने बाईंकडे बघायचं टाळलं. पण मुख्य डॉक्टर निबंधच उघडून बसले होते.

"टायफॉइड," ते म्हणाले. "बरं. कशी सुरुवात झाली?"

आता या प्रश्नावर दुसरं कुणी असतं तर त-त-प-प झालं असतं. पण हिच्यासाठी ही रोजची घंटा होती. हात आपोआप मांडीवर आले, खांदे थोडे पडले.

"आधी नुसती कणकण," ती म्हणाली. "मग रोज कालच्यापेक्षा थोडा जास्त ताप. पायऱ्या चढत जावं तसा. डोकं जड. जिभेवर पांढरा थर. खाणं समोर आलं तरी नको वाटायचं." बरोबर जागी आवाज खाली गेला, बरोबर जागी थांबला. "पेपरच्या दिवशी अक्षरं पाण्यात टाकल्यासारखी दिसत होती."

निसटत्या चष्म्याचे गृहस्थ लिहायचे थांबून ऐकत होते. मुख्य डॉक्टरांनी हळूच मान हलवली. सगळी लक्षणं पुस्तकाप्रमाणे होती, कारण पुस्तकातूनच आली होती. डॉक्टरला जागा जवळ येताना दिसली. दारावर पाटी ठोकताना बाबाही दिसले, तोंडात खिळे धरलेले.

तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं.

"आणखी काही?" त्या म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

त्यांनी ते मुद्दाम केलं की सवयीने, हे डॉक्टरला पुढेही कधी विचारायचा धीर झाला नाही. पण तिची सवय मात्र पक्की होती. किती दिवस किती खोल्यांत ती या तीन गोष्टींची वाट बघत बसली होती! पेन, प्रश्न आणि शांतता. आल्या की अडवून धरायचं नाही.

"टायफॉइड झाला नव्हता," डॉक्टर म्हणाली.

बोलून गेल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. पण हात दाखवून अवलक्षण करून झालं होतं.

"मग काय झालं होतं?" मुख्य डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही. मी अभ्यास केला नाही. चार वर्षांची असल्यापासून मला घरात डॉक्टर म्हणतात. मला वाटलं, आपण झालोच आहोत, आता शिकायचं काय राहिलंय."

"आणि हा टायफॉइड?"

"तो एका लग्नात झाला."

चष्म्याच्या गृहस्थांना ठसका लागला. मुख्य डॉक्टर हसले नाहीत. "अर्जाखाली सही तुमची आहे."

"हो."

"खोटी माहिती दिली तर अर्ज बाद करता येतो, माहीत आहे?"

"हो."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही," ती म्हणाली आणि लगेच तिला स्वतःचीच शरम वाटली. "नाही, हे पेशंटचं उत्तर झालं. मी सांगायला हवं होतं. मला भीती वाटली. ही माझी शेवटची वेळ आहे."

मुख्य डॉक्टरांनी निबंध मिटला. "आमच्याकडे दरवर्षी ढिगाने दुःखं येतात. अपघात येतात, पूर येतात. आज्या तर इतक्या जातात, की एकीला मी एकाच नातवाच्या दोन वर्षांच्या अर्जांत दोनदा गेलेलं पाहिलंय. न झालेला टायफॉइड मात्र पहिल्यांदाच आला." त्यांनी तो बाजूला सरकवला. "या तुम्ही."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

घरी मंडळी जमलेली होती. मामांनी दारातच धरलं.

"टायफॉइड विचारला?"

"विचारला."

"सांगितलास?"

"सांगितला."

"सगळी लक्षणं?"

"सगळी."

"खूश दिसले?"

"तेव्हा दिसले."

"मग झालं तर!" मामांनी टाळी वाजवली. बाबा पितळेला कुठलं पॉलिश चांगलं, यावर बोलायला लागले. डॉक्टर एकही शब्द खोटं बोलली नव्हती. विचारलं तेवढं तिने सांगितलं.

ती आतल्या खोलीत गेली. आई बाबांच्या शर्टाला इस्त्री करत होती. तिने लेकीकडे एकदा पाहिलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं.

"काय झालं?" आईने विचारलं. आणि गप्प उभी राहिली.

आईने कुठे शिक्षण घेतलं होतं कोण जाणे. डॉक्टरने सगळं सांगितलं. घालवलं गं मी, असं म्हणून ती पलंगावर शर्टांच्या ढिगाशेजारी बसली.

"तो टायफॉइड माझा आहे," आई म्हणाली. "मी नुसतं बरं नव्हतं म्हटलं, हे खरं. पण आत्याने त्याचा ताप केला तेव्हा मी शेजारीच उभी होते. नाही म्हटलं नाही. मला तुझी लाज वाटत होती." तिने एका शर्टाची घडी घातली. "नंतर माझीच वाटायला लागली, पण तोवर तुझ्या मामाने तुला दवाखान्यात भरती केलं होतं."

दोघी हसल्या. हसणं फार टिकलं नाही.

"एक विचारू?" आई म्हणाली. "तुला व्हायचंय का गं डॉक्टर? तू चमचा लावलास आणि आम्ही पाटी करून मोकळे झालो. तुला कुणी विचारलंच नाही."

पुन्हा ती गप्प उभी राहिली. बाहेर मामा फोनवर आत्याला सांगत होते, झालंच म्हणून समज.

"आधी नव्हतं व्हायचं," डॉक्टर म्हणाली. "म्हणजे माहीतच नव्हतं. आता व्हायचंय. खूप व्हायचंय गं. आणि आता काही उरलं नाही." ती शर्टात तोंड घालून रडली. आईने तिला रडू दिलं, फक्त इस्त्री केलेला शर्ट तेवढा हळूच काढून घेतला.

यादी लागली तेव्हा शेवटून पहिलं नाव तिचं होतं. सोबतच्या पत्रात गुण फोडून दिले होते. जुनं रसायनशास्त्र वजाबाकीला होतंच, नवं त्याला कसंबसं उचलून धरत होतं. सरावाच्या कामाला चांगले गुण होते, मुलाखतीला त्याहून चांगले. निबंधासमोर मोठं शून्य होतं आणि त्यापुढे हाताने लिहिलं होतं, 'हा लिहिणाऱ्याने पुन्हा लिहू नये.'

मामांनी पत्र पाहिलं, शून्यावर अंगठा ठेवून बाकीचं मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "बघितलंत? टायफॉइड कामाला आला!" डॉक्टरने त्यांना खरी गोष्ट सांगितली. मामांनी ती शांतपणे ऐकून घेतली, "असू दे, नम्रता चांगली असते," म्हणाले आणि आत्याला फोन लावला. सल्लागाराने तर वाटच पाहिली नाही. फरशांच्या दुकानावरच्या भिंतीत तिचा फोटो लागला. खाली ओळ होती, 'विषमज्वरावर मात.' पोटदुखी काकांनी तो बघून तिला निरोप पाठवला, की माझ्या अपेंडिक्सचंही कुठेतरी जमव.

बाबांनी स्टुलावर चढून पाटी खाली काढली. वर्तमानपत्र पिवळं पडलं होतं, पाटी काळवंडली होती. ते पॉलिशची डबी उघडत होते, तेवढ्यात आईने पाटी त्यांच्या हातातून घेतली, पुन्हा कागदात गुंडाळली आणि परत कपाटावर ठेवली.

"अगं, आता तर झाली ना!" बाबा म्हणाले.

"प्रवेश झालाय. डॉक्टर व्हायला अजून कितीतरी वर्षं आहेत."

"मग तोवर हिला म्हणायचं काय?"

"नाव आहे तिला," आई म्हणाली. "आपणच ठेवलं होतं."

कॉलेज सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात जीवरसायनशास्त्राचं नवं जाडजूड पुस्तक मांडीवर आलं आणि या वेळी ते उघडलं गेलं. एका संध्याकाळी ती खिडकीशी वाचत बसली होती. स्वयंपाकघरातून आईने नावाने हाक मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा जरा चिडून मारली. तिने पानात बोट ठेवून मान वर केली आणि दाराकडे पाहिलं.

"आई, कोण आलंय गं?"

"तूच," आई आतून म्हणाली. "ये, जेवून घे."